न मागणाऱ्या बाईची नोकरी

नाही, चूक माझीच आहे, मी कुठं नाही म्हणते? पण मला सांगा, नवस करताना माणसानं थोडा तरी पुढचा विचार करावा की नाही? साखर सोडावी, मऊ गादी सोडावी, हे सगळ्या शहाण्या बायका करतात आणि मीही केलंय. पण तिथंच तर घोळ झाला! त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते, आत आमचे हे, आतड्याचा कॅन्सर, डॉक्टर म्हणाले होते चार तास आणि सहा होऊन गेलेले. आणि मी आठवतेय, देवाला द्यायला माझ्याकडं आता उरलंय काय? साखर मुलाच्या परीक्षेला गेली, सिनेमा नणंदेच्या लग्नाला गेला, गादी जावेच्या बाळंतपणाला, दुपारची झोप भाच्याच्या नोकरीला... भाचा आता ओळखसुद्धा दाखवत नाही, पण ते जाऊ दे. सोडण्यासारखं काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. शेवटी डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, हा माणूस जिवंत बाहेर येऊ दे, मी आयुष्यात पुन्हा कोणाकडं काहीही मागणार नाही.

दार उघडलं. सगळं नीट झालं, म्हणाले.

आता इतक्या झटपट ऐकायचं का हो देवानं? मला वाक्य तरी जरा नीट करू द्यायचं होतं!

कारण मागायचं नाही म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं. जेवताना मीठ हवं असलं तर मी म्हणायची, आज भाजी जरा गरीब वाटतेय. दुकानात जाऊन म्हणायची, आमच्याकडचा साबण संपला हो. दुकानदार बिचारा आधी हळहळायचा आणि मग कधीतरी साबण काढायचा. यांना मी काही बोलले नव्हते. नवस बोलून दाखवला की त्याचं वजन जातं, असं आपलं माझं मत. आणि मनात पक्की भीती, की जीभ एकदा जरी घसरली, तरी यांचं दुखणं उलटेल.

दर सहा महिन्यांनी यांची तपासणी असायची. एकदा तिथं माझ्या शेजारी एक बाई रडत होत्या. मी दोन तास नुसतं ऐकलं. मला काय, मागायचं तर काही नव्हतंच. पुढच्या खेपेला बघते तर काय, त्या हॉलमधल्या मोडक्या बाकांच्या जागी नव्या कोऱ्या खुर्च्या! त्या बाईंच्या घरच्यांनी दिल्या होत्या. देणगी विभागाच्या मॅडमनी त्यांना विचारलं, तुम्हाला कोणी सुचवलं? त्या म्हणाल्या, निळ्या पिशवीवाली एक बाई होती, दोन तास माझं ऐकत बसली पण काही मागितलं नाही, म्हणून द्यावंसं वाटलं.

मॅडमनी मला पिशवीवरून पकडलं. आमच्याकडं काम कराल का ताई, लोकांशी बोलायचं, बस. मला वाटलं, बोलण्याचा पगार! चाळीस वर्षं फुकट बोलतेय मी! यांना इतकं हसू आलं की जुन्या टाक्यांची जागा दुखली.

पहिल्या दिवशी गेले तर खोलीवर पाटी, ‘मोठ्या देणग्या’. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं समजावलं, काकू, छोटी देणगी लोक बाहेरच्या पेटीत टाकतात, मोठी आपण त्यांच्या घरी जाऊन मागायची. चहा नाकातून आला माझ्या. अहो, अख्ख्या गावात मागण्याची म्हणून एकच नोकरी, ती माझ्या पदरात, आणि मला तर मागायची बंदी!

सोडून का नाही दिली, म्हणाल. ज्यांनी माझा माणूस परत दिला, त्यांना कोणत्या तोंडानं नाही म्हणू? आणि तिथं रेडिएशनचं मशीन एकच होतं. सकाळी सहाला सुरू व्हायचं, अंधार पडला तरी चालूच. नव्या पेशंटला तारीख मिळायची पाच आठवड्यांनी. ते पाच आठवडे त्या माणसांनी काय करायचं हो? मी रोज त्यांच्या समोरून डबा घेऊन जायची, मला घास उतरायचा नाही.

मॅडमनी शिकवायला घेतलं. त्या बोलतात अशा, एकेक शब्द इस्त्री करून. “ताई, आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. आधी जो बोलेल तो हरला.” मी म्हटलं, दुसरा अर्धा भाग मला जड जाईल. पहिल्या अर्ध्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग आमचं आपोआप ठरूनच गेलं. मी जायची, बोलायची, आजारपणं ऐकायची, फोटो बघायची, सूनबाईच्या तक्रारी ऐकायची, चार-सहा महिन्यांत माणूस ओळखीचा झाला की मॅडम यायच्या, आकडा टाकायच्या आणि गप्प बसायच्या. दीड वर्ष सोन्यासारखं गेलं. कोणाला कळलंच नाही, की देणगी विभागातल्या या बाईनं आजवर एक दमडी मागितलेली नाही.

आणि मग आले पाइपवाले काका.

पाइपांचा कारखाना काढून म्हातारे झालेले, बायको कॅन्सरनंच गेलेली. मशीन एकट्यानं देऊ शकेल असा हा एकच माणूस. सात महिने मी त्यांच्याकडं जात होते. पाइपांबद्दल मला आता इतकं कळतं की तुमच्या घरची गळती मी इथून सांगेन. शेवटी मागायचा दिवस ठरला, मंगळवार. आणि सोमवारी मॅडमचा घसा बसला. बसला म्हणजे काय, आवाज शून्य! डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर एक शब्द नाही. काका बुधवारी मुलीकडं परगावी निघालेले, परत कधी येतील नेम नाही. मॅडमनी वहीवर लिहिलं, ‘तुम्ही मागा.’ खाली दोन रेघा.

आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, यांचा रिपोर्ट यायचा होता. तीन वर्षांचा, महत्त्वाचा. आता सांगा, मी काय करावं? आणि मला तर मागायची बंदी!

गेलो दोघी. मी विचार केला, साबण मिळवला तसंच मशीन मिळवू. म्हटलं, काका, आमच्याकडं मशीन एकच आहे हो. काका म्हणाले, बरं. म्हटलं, सकाळी सहापासून चालतं. दमत असेल, म्हणाले. लोक पाच आठवडे थांबतात. वाईट आहे, म्हणाले, आणि चहा मागवला. दुसरा चहा झाला, तिसरा झाला. टेबलाखाली मॅडमचा बूट माझ्या नडगीवर, मी कळवळतेय आणि हसतेय. शेवटी मॅडमनी आकड्याची चिठ्ठी पुढं सरकवली. काकांनी ती घडी तशीच परत सरकवली. “मी चिठ्ठ्यांवर देत नाही. दारोदार फिरून तोंडानं ऑर्डरी मागितल्यात मी. ज्याला हवंय त्यानं मागावं.”

मग मी रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं. बाक, सहा तास, नवस, शुक्रवारचा रिपोर्ट. मॅडमचं तोंड उघडं राहिलं; आवाज असता तर मी त्याच दिवशी घरी बसले असते.

काका हसले नाहीत. कप बाजूला सारला. मग म्हणाले, “आमची ही पण काही मागायची नाही. चार महिने दुखत होतं तिला. मला म्हणाली नाही, डॉक्टरकडं न्या. मी कारखान्यात. मला वाटायचं, घरी सगळं ठीक आहे.” आणि मग, “न मागणाऱ्या बायकांचा मला फार राग येतो, ताई.”

तुम्हाला सांगते, मी मनात म्हटलं, देवा, शिक्षा करायची तर मला कर, यांच्या अंगाला हात लावू नकोस. आणि तोंड उघडलं. आणि मग, तीन वर्षांचं तुंबलेलं हो, ते थांबतंय कुठं? म्हटलं, काका, मशीन द्या. अर्धं नको, अख्खं द्या. त्याला जाड भिंतींची खोली लागते, ती द्या. चालवायला शिकलेली माणसं लागतात, त्यांचा दोन वर्षांचा पगार द्या. लांबून येणाऱ्यांना राहायला जागा नसते, दहा खोल्या द्या. तिथं एक मोठा आरसा द्या, बायकांचे केस परत यायला लागतात आणि बघायला आरसा मिळत नाही. आणि मला आधी एक ग्लास पाणी द्या, आणि ही खुर्ची बदला, हिची पट्टी मघापासून टोचतेय!

आणि गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा. मॅडमना बोलता येत नाही, काका बोलत नाहीत, मी जीभ दातांत धरून बसलेय. मला वाटलं, आता इथंच आम्हा तिघांचं वय वाढणार.

शेवटी काका बोलले. “खुर्ची टोचतेय, हे तासभर का नाही सांगितलंत?” स्वतः उठले, आतून दुसरी खुर्ची आणली, पाणी आणलं. बाकीचं मुलीशी बोलून शुक्रवारी कळवतो, म्हणाले.

शुक्रवार! सगळं शुक्रवारीच यायचं होतं! तीन रात्री मी देवासमोर नुसती बसून. काय मागणार, तोंड कुठं राहिलं होतं?

शुक्रवारी रिपोर्टसाठी आम्ही दोघं बाहेर बसलो आणि मला राहवेना. यांना सगळं सांगितलं. नवस केला होता, मंगळवारी मोडला, तुमच्या जिवासाठी होता, मला माफ करा. हे म्हणाले, “म्हणून मागत नव्हतीस? मला वाटलं, मी आता काही मागण्याजोगा माणूस उरलो नाही, म्हणून सोडून दिलंस.”

तीन वर्षं हो! तीन वर्षं हा माणूस रोज माझ्या समोर जेवला, आणि मनात हे घेऊन जेवला. भाजी गरीब वाटतेय म्हटलं की मुकाट्यानं मीठ पुढं करायचा.

तेवढ्यात आत बोलावलं. डॉक्टरांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, स्वच्छ आहे, आता वर्षानं या. मी डॉक्टरांना म्हटलं, पुन्हा एकदा म्हणा. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, अजून एकदा. हे म्हणाले, अगं, त्यांना बाकीचे पेशंट आहेत.

बाहेर येतोय तोच फोन, पलीकडून मॅडमचा जेमतेम फुटलेला आवाज: “ताई... मशीन. खोलीसकट. राहायच्या खोल्या दहा नाही, चार. आरसा दोन.” काकांची अट एकच. त्यांचं नाव कुठंच नको, बायकोचंही नको. केसपेपर काढतात त्या खिडकीवर पाटी लावायची: ‘कुठं दुखतंय ते सांगा. आजच सांगा.’

देवाला नवस मोडलेला दिसला नसेल, असं मी मुळीच म्हणत नाही. त्याला सगळं दिसतं. मला तर दाट शंका आहे, की मॅडमचा घसा त्यानंच बसवला.

तर आता मी नवा नवस केलाय. रोज कोणाकडं तरी, काहीतरी एक मागायचं. तुम्हालाही हात जोडून सांगते, हा नवस तुम्ही कराच. काही सोडायचं नाही, उपास नाही, खर्च नाही. आज घरी गेलात की एक मागा. पाठ दुखतेय तर म्हणा, जरा चोळून द्या. गाठ लागतेय हाताला, तर म्हणा, मला उद्याच डॉक्टरकडं न्या. उद्याच, बरं का. घरचे कुरकुरतील, ते मी आधीच सांगून ठेवते. परवा मी यांच्याकडं चहा मागितला, काल पाय चेपून मागितले, आज सकाळी म्हटलं, माळ्यावरचा मोठा डबा काढून द्या. हे स्टुलावर चढून म्हणतात कसे, देवाला विचार ना, जुना नवस परत चालू करता येतो का.

करू देत कुरकुर. कुरकुर करायला घरात आहेत, आणखी काय मागायचं?