उमरेडची लाइन आणि मेश्राम सर

आदरणीय काकू, कार्यालयातील ज्येष्ठ मंडळी, सकाळच्या बसने उमरेडहून आलेले वानखेडे भाऊ आणि मेश्राम सरांच्या सर्व स्नेह्यांनो,

मला चारचौघांत बोलण्याची सवय नाही. मघाशी माझं नाव पुकारलं, तेव्हा मागच्या रांगेतून "ही बोलणार?" असं कुणीतरी म्हटलेलं मी ऐकलं. शंका रास्त आहे. पण एक हकीकत आजवर सर स्वतःच सांगत आले. आता ती सांगायला ते नाहीत. म्हणून उभी राहिले आहे. आवाज कापला, तर सांभाळून घ्या.

मी संगणक विभागात रुजू झाले, तेव्हा सर आमचे विभागप्रमुख होते. मी मराठी माध्यमातली, पुस्तकी बोलणारी, आणि तेही क्वचित. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "महोदय, माझे आसन कोणते?" सर खुर्चीत मागे रेलून हसले. म्हणाले, "काय वं पोरी, तुह्या मराठीले इस्त्री कोन मारून देते?"

त्या वर्षी उमरेडच्या कोळसा खाणीवर संगणक बसवला होता. तो वरचेवर अडकायचा. अडकला की इथून कुणीतरी एसटीने उमरेडला जायचं, यंत्रासमोर बसून चार आज्ञा टाइप करायच्या आणि परत यायचं. सरांनी ठरवलं की हे काम नागपुरात बसूनच करायचं, टेलिफोनच्या तारेवरून. त्यासाठी दोन मोडेम आले, संगणकाचं बोलणं शिट्टीत बदलून तारेवर धाडणारे. एक इथे, एक तिकडे. मी उमरेडला फोन लावायचा, वानखेडे भाऊंनी तो उचलायचा, दोघांनी "आता!" म्हणायचं आणि आपापल्या मोडेमचं बटण दाबायचं. दोन शिट्ट्या एकमेकींत मिसळल्या, की उमरेडचं यंत्र आमच्या पडद्यावर बोलू लागायचं.

बोलू लागायचं, आणि मध्येच बरळायचं. आकडे, कंस, प्रश्नचिन्हं. मग काहीच नाही. लाइन तुटलेली.

पहिला संशय खाणीतल्या सुरुंगांवर गेला. सुरुंग उडाला की तारा हादरतात, असं ठरलं. मग सुरुंगांच्या वेळा टाळून आम्ही फोन लावू लागलो. तरीही तुटायची. वानखेडे भाऊ कळवळून विचारायचे, "मॅडम, आज तं सुरुंगबिरुंग काहीच नाही उडाला. शिट्टी चांगली ऐकू येऊन राहिली होती. मंग काहून तुटली?" आम्ही वायर बदलली, मोडेम बदलला. लाइनमन खांबावर चढून आला. सर अस्वस्थ होऊन येरझारा घालायचे आणि पुन्हा केबिनमध्ये जायचे.

अशात मुख्यालयातील साहेब पाहणीला येणार, असं कळलं. जमलं तर ठीक, नाहीतर मोडेम परत आणि माझी बदली आवक-जावक शाखेत. आमच्या उपप्रमुखांनी मला ते स्पष्टच सांगितलं होतं. "तुम्हाला फोनवर धड बोलता येत नाही. लाइनही टिकत नाही. तिकडे निवांत तिकिटं चिकटवा." मित्रहो, मला ती खुर्ची हवी होती. त्या पडद्यासमोर बसणं मला मनापासून आवडायचं. पण हे सांगायचं कुणाला, आणि कसं?

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी सर दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्या सकाळी लाइन टिकली. उमरेडला सुरुंग उडाले, तरी टिकली! दुपारी सर परतले, आणि तुटली. मी केबिनच्या काचेतून पाहिलं. सर रिसीव्हर कानाला लावून, डोळे मिटून, प्रसन्न हसत बसले होते. त्यांचा फोन त्याच लाइनवर होता; तो उचलला की इथला आवाज शिट्ट्यांत मिसळायचा. दोन यंत्रं खरंच बोलताहेत का, हे त्यांना ऐकायचं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते हळूच म्हणाले, "हॅलो?"

मोडेमला!

परवा काकूंना हे सांगितलं, तर त्या रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "अवं, घरी बी तेच. भात शिजला का पाहाले तीनदा झाकण काढत. कितीदा सांगतलं यायले. पण राहवेच नाही."

सरांना त्यांचीच चूक सांगायचा धीर मला त्या दुपारी झाला नाही. दुसऱ्या दिवशी खोली माणसांनी भरली. साहेब, उपप्रमुख, सगळे पडद्याभोवती. शिट्ट्या जुळल्या. उमरेड उमटलं. आणि सर केबिनकडे निघाले. मी उठले. त्यांच्या मागे गेले. दारातच म्हणाले, "सर, फोन उचलू नका. आपण उचलता, म्हणून तुटतं."

सर ही गोष्ट सांगताना म्हणत, की मी अशी गरजले की छताचा चुना पडला. चुना पडला नाही. मी अगदी हळू बोलले होते, इतकं हळू की ते फक्त सरांनीच ऐकलं. ते गप्प राहू शकले असते. फोन न उचलता पाहणी पार पडली असती, आणि कुणाला काही कळलंही नसतं. सर वळले. म्हणाले, "मोठ्यानं सांग पोरी. साऱ्यायले ऐकू दे."

मी मोठ्यानं सांगितलं.

मग सर्वांत आधी सर हसले. "म्हणजे लाइनमनले खांबावर चढवलं, अन् बिघाड इथं खुर्चीत बसून राहिला होता!" साहेबांना म्हणाले, "हा बिघाड हिनं शोधला. नाव लिहून घ्या." त्यांनी केबिनमधला फोन तारेसकट उपटून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. माझ्या बदलीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

लोक आपली चूक झाकतात, आणि त्यात काही नवल नाही. सरांनी आपली चूक खोलीभर ऐकवली, कारण तसं केल्यानं माझी खुर्ची वाचत होती. मी आजही तिथेच बसते.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. सरांना स्तब्ध राहणं कधीच जमलं नाही, म्हणून ते आज आपणच राहायचं. मध्ये कुणाला हसू आलं, तर येऊ द्यावं. काकूंची हरकत नाही, मी त्यांना विचारलं आहे.

मेश्राम सर, आपणांस माझं विनम्र अभिवादन. हे मी मोठ्यानं म्हणते आहे.