नाकावरची फुंकर

दादा: सगळी डुकरं नेलीस, बदकं नेलीस, मी चकार शब्द काढला नाही. पण ढोलूला हात लावायचा नाही.

धाकटी: दादा, मला का हौस आहे? जनावरांची डॉक्टर मीच आहे इथली. मी नाही नेलं, तर परकं कुणीतरी येईल.

दादा: येऊ दे! माझी चिमी जाऊन पंधरवडा नाही झाला, आणि तिची सख्खी आत्या मारायची सुई घेऊन दारात. तिच्याच लाडक्या डुकराच्या पिल्लासाठी!

धाकटी: त्याच्या नाकातून अजून विषाणू निघतोय. चिमीला नेलं, तोच.

दादा: बदकांचा फ्लू माणसाला होत नाही, असं तूच म्हणायचीस.

धाकटी: सहसा होत नाही. पण डुकराला दोन्ही होतात, बदकांचा आणि आपला. फ्लूच्या विषाणूत जनुकांचे आठ सुटे तुकडे असतात. दोन्ही एकदम शिरले की त्यांची सरमिसळ होते. दोन घरांचे कपडे एका दोरीवर वाळत घातले, की याचा सदरा त्याच्या घरी जातो ना, तसं. त्यातून तिसराच विषाणू तयार होतो. आपल्या शरीराला त्याची ओळखच नसते.

दादा: बदकांचा डबक्यातून आला, कळलं. आपला कुठून आला?

धाकटी: जाऊ दे ना.

दादा: बोल.

धाकटी: चिमीला आधी सर्दी झाली होती, तो आपला साधा फ्लूच होता. आठव.

दादा: रोज त्याच्या नाकावर फुंकर घालायची गं ती. जन्मला तेव्हा श्वासच घेत नव्हता. तिनंच फुंकून फुंकून जगवला. तेव्हापासूनचा खेळ त्यांचा. म्हणजे माझ्या लेकीनंच...

धाकटी: नाही, दादा! तिनं फक्त माया केली.

दादा: म्हणजे त्या मेल्या विषाणूतही तिच्या सर्दीतलं काहीतरी आहे.

धाकटी: आहे थोडं.

दादा: तिचं तेवढंच उरलंय, तेही न्यायला आलीस. तुझ्या वहिनीला काय सांगू? त्याला कुशीत घेऊन झोपते ती.

धाकटी: म्हणूनच आलेय. मघापासून तिचा खोकला ऐकतेय मी. दवाखान्याची गाडी बोलावलीये. आता आणखी एक माणूस नाही घालवायचं मला.

(वहिनी पिल्लू कडेवर घेऊन दारात येते.)

वहिनी: ऐकलं सगळं. घे. दूध पाजलंय, पोट भरलंय त्याचं.

दादा: अगं...

वहिनी: असू दे हो. सुई द्यायच्या आधी नाकावर फुंकर घाल हं. त्याशिवाय डोळे मिटत नाही तो.

धाकटी: वहिनी, मला मास्क नाही काढता यायचा.

वहिनी: मग हातानं वारा घाल. हळूच. त्याला वाटेल, तीच आहे.