मुरूम लागला नव्हता

बसा, सगळे बसा. कडेच्या बाया थोड्या आत सरका, मांडव लहान पडला.

भाऊ-बहिणीहो, माह्यानं बोलवत नाही. मी भाषण करणारा माणूस नोहो. आर्णीचा मिस्त्री आहो, तुम्ही मले सलीम मिस्त्री म्हणून ओळखता. काल गयाताईच्या पोरीले, सुजाताले, मी हात जोडून म्हटलं, बेटा, उद्या मले मागं बसू दे. तिनं डोळेही पुसले नाही. म्हणे, "सलीममामा, तुम्हीच बोला. तुमच्या भिंतीखाली माही माय मेली."

म्हणून उभा आहो.

गयाताई माह्या कामावर आली ती डोक्यावर घमेलं घेऊन. बाईच्या हाती थापी द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. बाईनं रेती चाळावी, विटा द्याव्या, माल वाहावा. मीही तसंच चालवलं. एक दिवस प्लास्टरवाला गडी आला नाही. मी डबा खाऊन परत येतो तर हिनं आखी भिंत करून ठेवलेली. मी पट्टी लावून पाह्यली. पट्टीखालून कुठंच उजेड दिसेना.

म्हटलं, "ताई, कुठं शिकली हे?"

म्हणे, "शिकायले कोणाकडं जाऊ भाऊ? आम्ही लहानपणापासून भिंती लिपतो. दर आठ दिवसाले भिंतीवरून हात फिरते. कुठं पोकळ झाली, कुठं ओल आली, हाताले समजते. तुमच्या सिमेटच्या भिंतीले एकदा रंग मारला की कोण हात लावते?"

त्या दिवशी मी तिच्या हाती थापी देल्ली. पुढची सगळी वर्षं माह्या प्रत्येक कामात ती होती.

आता ही वस्ती इथं काहून आहे, हे तुम्हाले मी सांगायची गरज नाही. वरची आळी पांढरीवर बसली. ती माती घट्ट, कितीही पाणी पडो, जागची हालत नाही. तुमच्या बापजाद्याले नाल्याच्या अंगची काळी देल्ली. कोणी विचारलं नाही, कोणी नकाशा काढला नाही. कोणी कुठं राहावं हे आधीच ठरलेलं होतं. काळी माती कपाशीले चांगली, घराले वाईट. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. पण जुने लोक हुशार होते. पऱ्हाटीच्या, तुराटीच्या काड्यायच्या कुडाच्या भिंती, वरून मातीचं लिपण. भिंत हलकी. जमीन हालली की भिंतही हालायची, वाकडी व्हायची, बाया पुन्हा लिपून घ्यायच्या. माणूस मरत नव्हता.

मंग पक्की घरं आली. यायलेच पाह्यजे होती. हे गयाताईच म्हणायची, "आमच्या बुढ्यायले कुडात ठेवलं, आम्ही काहून राहावं? स्लॅब पाह्यजेच, सलीमभाऊ. पण काळीवर स्लॅब टाकायचा तर खाली जावं लागते. मुरूम लागेपर्यंत."

मुरूम म्हणजे काळीच्या खालचा टणक थर. पाया तिथं टेकला तर घर टिकते. इथं तो सात फुटावर आहे, कुठं आठ.

अन् आपण काय करून राह्यलो होतो? खड्डा कोणाले दिसते? कमान दिसते, टाईल दिसते, शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच जोतं दिसते. लोकायनं जे मागतलं ते मी बांधलं. दोष लोकायचा नाही. मिस्त्री मी होतो.

तीन वर्षापूर्वी विहाराच्या बाजूले सभागृह बांधायचं ठरलं. सगळ्यायची एकच इच्छा, समोरची भिंत अशी उंच पाह्यजे की वरच्या आळीतून दिसली पाह्यजे. मोठी कमान, दगडाची फरशी लावलेली. मले त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही. इतकी वर्षं ज्यायच्याकडे कोणी पाह्यलं नाही, त्यायले वाटणारच.

पण उद्घाटनाची तारीख आधीच ठरली होती. खड्डा चार फूट झाला. गयाताई खड्ड्यात उभी होती. तिनं सब्बल मारली, माती हातात घेतली, बोटानं चोळली.

"सलीमभाऊ, मुरूम लागला नाही. अजून काळीच आहे."

मी म्हटलं, "चालते ताई. वर टिना आहे, स्लॅब नाही. काही होत नाही."

"टिनाचं नाही म्हणत मी. समोरची भिंत केवढी आहे."

"दिवस नाही उरले ना ताई."

ती वर आली. त्या खड्ड्यात काँक्रीट टाकलं तेव्हा पहिलं घमेलं तिनंच वाहिलं. माह्या सांगण्यावरून.

पहिला पावसाळा गेला. दुसरा गेला. मले वाटलं, जमलं. यंदा आषाढात ती एसटीनं आर्णीले आली. मी टपरीवर चहा पीत होतो. उभ्याउभ्यानंच म्हणे, "सभागृहाचा समोरचा दरवाजा घासून राह्यला. कडी बसत नाही."

मी म्हटलं, "पावसानं फुगला असन."

तिनं माह्याकडं पाह्यलं. "लोखंडाचा दरवाजा आहे, सलीमभाऊ. लोखंड कधी फुगते?"

भिंत खचून राह्यली, हे मले तेव्हाच समजलं. तरी मी काय म्हटलं? म्हटलं, येतो ताई, दोन-चार दिवसात येतो. गेलो नाही. आर्णीत एक स्लॅब टाकायचा होता.

तिनं तिकडं भिंतीच्या भेगेवर मातीचा पट्टा लिपला. पट्टा फाटला तर भिंत चालून राह्यली, असा तिचा हिशेब. आठ दिवसात फाटला. तिनं पुन्हा लिपला. मंग चार दिवसात फाटला. मंग एका रात्रीत. ती लोकायले सांगत होती, आत बसू नका. तुम्हीच मले सांगतलं, लोक हासत होते. म्हणत होते, गयाबाईशी आता भिंती बोलतात.

तो दिवस तुम्हाले माहीत आहे. चार दिवस झड लागली होती, पाचव्या दिवशी ऊन पडलं. दुपारी वर्षावासाचं वाचन होतं. अकरा बाया आत. वाचन चालू असताना गयाताई उठली अन् समोरच्या भिंतीले तळहात लावला. तशीच उभी राह्यली.

मंग म्हणे, "बाहेर निघा."

कोणीतरी म्हटलं, "पान तर संपू दे गयाबाई."

आयुष्यात ती कोणावर ओरडली नव्हती. त्या दिवशी ओरडली. समोरचा दरवाजा हालेना. मागच्या दारानं एकेक बाई निघाली. सखूआजीले गुडघ्यानं उठवत नव्हतं. गयाताईनं तिले काखेत धरून ओढलं, दाराबाहेर ढकललं. सखूआजी समोर बसली आहे, पायाले प्लास्टर आहे, पण बसली आहे. गयाताईचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. कमानीसगट समोरची भिंत आत आली, वरच्या टिना घेऊन पार मागच्या दारापर्यंत.

मी आलो तेव्हा तुम्ही दगड उचलून राह्यले होते. मीही उचलले. एकेक दगड मीच बसवला होता.

दुसऱ्या दिवशी मी पाया उकरला. चार फूट. खाली काळी, भिजवलेल्या कणकेसारखी. बोट घातलं तर बोट गेलं. तपासाले साहेब आले, त्यायले मी लिहून देल्लं, चार फूट, मीच थांबलो, गयाताईनं सांगतलं होतं. पुढं जे होईल ते होईल.

पण आज मी रडायले उभा नाही राह्यलो. ह्या वस्तीत माह्या हातची नऊ घरं आहे. नऊचे नऊ पाये मले ठाऊक आहे. एकालेही मुरूम लागला नाही.

कोण बोललं? दादा, काय म्हणता? आज हे नको? शोकसभा आहे?

मंग कधी बोलू दादा? पुढच्या शोकसभेत?

माफ करा. आवाज चढला.

मी कालपासून नऊही घरायच्या भिंतीवरून हात फिरवून राह्यलो. माहा हात तिच्यासारखा नाही, मले उशिरा समजते. तरी तीन घरं अशी आहे की तिथं आज कोणी निजू नये. विठ्ठलभाऊचं, नाल्याजवळच्या प्रल्हादचं, अन् सुजाता, तुह्या मायचं. हो. तिचंही मीच बांधलं. तिनं माह्यावर भरवसा ठेवला.

गुरुजीनं शाळेच्या दोन खोल्या उघडून देल्ल्या. शाळा पांढरीवर आहे. बाकीच्या घरायसाठी वर जागा मागायले आम्ही काल गेलतो. वरच्या आळीत रिकामी जागा आहे, सगळ्यायले दिसते. त्यायनं चहा पाजला. विचार करून सांगतो म्हटलं. अजून कोणी सांगायले आलं नाही.

मी उद्यापासून आर्णीचं काम सोडून इथं आहो. पाये उघडू, टेकू लावू, जिथं होते तिथं खालून मुरमापर्यंत बांधू. जिथं होत नाही ते घर उतरवू. सुजातानं म्हटलं, मीही येतो कामावर. मी तिले नाही म्हटलं नाही.

गयाताई, तुले माहा सलाम. तुह्या माणसायच्या तोंडचा जय भीम.

उठा, उभे राहू. मांडवावर थेंब वाजून राह्यले, म्हणून दोन मिनिटं नको, एकच मिनिट. विठ्ठलभाऊ, तू नको थांबू. तू जा, लेकरायले घराबाहेर काढ.