गुणाजी आणि गेटजवळची कण्हेर

...आता कण्हेरीचा पाला उकळून कुणी पितं का, तुम्हीच सांगा? गुरंसुद्धा त्या झाडाला तोंड लावत नाहीत, आणि हा आमचा शेजारी गुणाजी, खोपटच्या डेपोत जन्मभर एसटीची इंजिनं खोललेला माणूस, मानपाड्याला आमच्या सोसायटीच्या बाकावर बसून कपभर काढा प्यायला. का? तर रवींद्रने दिला म्हणून. तुम्हाला सांगतो, गुणाजीला नाही म्हणता येत नाही.

रवींद्र म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा. मोबाईलवर रोज एक नवा रोग, रोज एक नवं औषध. "गुणाजीभाऊ, गुडघा दुखतो ना? ही आपल्या गेटजवळची कण्हेर, एकदम नॅचरल. डोळे मिटून टाका पिऊन." वर खिडकीतून गुणाजीची बायको, आमच्या विनितावहिनी, नको नको म्हणून हात हलवतायत, पण समोर रवींद्र कप धरून उभा, त्याला वाईट वाटेल... प्यायला.

मग काय, दुपारपर्यंत उलट्या, डोळ्यांपुढे पिवळंपिवळं, आणि नाडी इतकी मंद की सापडली म्हणेपर्यंत हरवते. रिक्षात घालून हॉस्पिटल, छातीला वायरी, ते मशीन एकदा टूं करतं आणि मग विचार करत बसतं, पुढचा ठोका द्यावा की नको... डॉक्टरीणबाई विचारतात, "काका, काय खाल्लंत?" पलंगाशी रवींद्र, चेहरा पांढराफटक. त्याच्याकडे बघून गुणाजी म्हणतो, "पोहे." अहो, मरायला टेकलेला माणूस आणि म्हणे पोहे. नाही म्हणता येत नाही, तसं ह्याला खरंही सांगता येत नाही.

शेवटी वहिनी बोलल्या, आवाज न चढवता. "कण्हेर प्यायलेत. रवींद्रभाऊ, किती पाला घातलात ते नीट सांगा, मला माझा नवरा परत हवाय." रवींद्रला रडू फुटलं, पण सगळं सांगितलं त्याने. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पान, फूल, बी, सगळं विषारी, थेट हृदयाचे ठोके बिघडवतं, आणि उकळून ते जात नाही. मग इंजेक्शनं, तात्पुरता पेसमेकर, आणि वहिनी बाहेर बाकावर, हातात गुणाजीचा चष्मा, तो पुसतायत, पुसतायत...

वाचला. घरी आला. सोसायटी भेटायला लोटली. समोरच्या मालनताईंनी हळूच विचारलं, "पण गुडघा कसाय हो?" गुणाजी बोलून गेला, "आता नाही दुखत." अरे बाबा, आठवडाभर पलंगावर पडलास, दुखेल कशाला? पण गेलं ना तोंडातून...

दुसऱ्या दिवशी मालनताई गेटवर पाला खुडतायत. गुणाजी काठी टेकत धावला. "ताई, विष आहे ते, मी मरता मरता वाचलो." त्या म्हणतात, "तेच म्हणते मी, वाचलात ना?"

झाड तोडायचं तर परवानगी लागते, ती काही मिळत नाही. तेव्हापासून माणूस सकाळ-संध्याकाळ कण्हेरीखाली खुर्ची टाकून राखण करत बसतो, आणि येणारेजाणारे म्हणतात, बघा, ह्याला झाड मानवलं.