बेचाळीस पानं

झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची शिक्षिका लेक उभ्या होत्या.

"परवा परदेशी नोकरीवर निघायचंय, बॅग रिकामी, आणि तुझं आपलं हेच!"

"नव्या बाईंसाठी आहे गं. वर्गातल्या प्रत्येक मुलाचं एक पान. कोणाला फळ्यावरचं दिसत नाही, कोणावर ओरडलं की आठवडाभर तोंड उघडत नाही."

"व्हिसाच्या रांगा लावून उन्हाळाभर हे लिहीत होतीस? तिकडच्यांना म्हणावं, नशीब काढलंत!"

"आई, हळू. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत की! अहो दादा, दोन प्रती काढा."

"दुसरी कशाला?"

"मला. तू गेलीस तरी पोरं आपल्या दारात येणारच. कोणावर ओरडायचं नाही, ते मला नको कळायला?"