घरी फोन केला का?

मंडळी, तुम्ही एवढ्या थंडीत, रस्ते निसरडे असताना आलात. मला बोलायला सांगितलंय. सुधीर, तुझ्याकडे बघून बोलता येणार नाही. वहिनींच्या फोटोकडे बघून बोलतो.

इथे कॅनडात, रेजिना शहरातल्या आपल्या मराठी मंडळात त्या म्हणजे सुधीरची न्यूझीलंडची बायको. अनाहेरा. आपली अनावहिनी. मला मात्र त्या रोज शेजारच्या टेबलावर दिसायच्या, आमच्या वर्तमानपत्रात. अख्ख्या न्यूजरूममध्ये एकट्या माओरी, न्यूझीलंडच्या मूळनिवासी.

दोन वर्षांपूर्वी इथला एक मूळनिवासी तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. मी बातमीला त्याचा बेड्यांमधला फोटो लावला. वहिनी टेबलाशी आल्या.

"भाऊजी, घरी फोन केला का?"

"पोलिसांनी फोटो दिलाय की."

"त्याला आई नाही? आमच्याकडे पण सेम. माओरी माणूस बातमीत येणार तो बेड्या घालूनच."

त्यांनी स्वतः फोन लावला. त्याच्या आईने हॉकीच्या जर्सीतला, हसरा फोटो पाठवला. तोच छापला. तेव्हापासून कुणीही मेलं की तोच प्रश्न. घरी फोन केला का? मी चिडवायचो, "वहिनी, आधी जेवून घ्या." "मी जेवते. तुम्ही फोन करा."

गेल्या शनिवारी, भर दुपारी, ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये एकाने त्यांच्या डोक्यात चाकाचा लोखंडी पाना घातला. "रिझर्व्हवर परत जा" असं ओरडत घातला. इथल्या मूळनिवासींच्या राखीव वस्तीतली समजून. पडल्यावरही मारत राहिला. जबडा तुटला, कवटी फुटली. बर्फावर रक्त, आणि पिशवीतले बटाटे. लोक गाड्यांत बसून बघत होते.

हे तुम्हाला माहीत आहे. जे माहीत नाही, ते आता सांगतो.

पोलिसांचं पत्रक माझ्याच टेबलावर आलं. नाव नव्हतं. 'मूळनिवासी स्त्री, बहुधा नशेत, मारामारीत मृत्यू.' मी चार ओळींची बातमी केली आणि छापायला सोडून दिली. नशेत! गणपतीच्या दिवशी आरती होईपर्यंत पाणीसुद्धा न घेणारी आपली वहिनी! हॉस्पिटलला एक फोन केला असता तर कळलं असतं. केला नाही. तासाभराने सुधीरचाच फोन आला.

मारणाऱ्याने त्यांचा चेहरा पाहिला नाही. मी तरी कुठे पाहिला? तेव्हापासून देवापुढे बसतो, पण दिवा लावायला हात पुढे होत नाही.

काल त्यांच्या आईला फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्यात गेलेल्याशी बोलतात. मला काय सांगतोस? तिला सांग." उद्या पहिल्या पानावर माझी चूक माझ्या नावाने येईल. शेजारी त्या माउलीने निवडलेला फोटो.

माझ्या गावात अशा वेळी कुणी बोलत नाही. हात जोडून उभे राहतात. आज दोन्ही करू. तुम्ही उभे राहा, शांत राहा. मला एवढंच बोलू द्या.

अनावहिनी, घरी फोन केला. उशिरा केला.