पिल्लाचा डावा पाय

तसं नाही भाऊ, तो कोंबडा तहानेनं नाही ओरडत – त्याला समोरचा दिसला. मधलं केळीचं पान फाटलंय ना, तिथून. अमेरिकन जात आहे, एकमेकांचं तोंड दिसलं की दिवसभर नुसती आग. म्हणून तर प्रत्येकाचं राहायचं निळं पिंप वेगळं, प्रत्येकाच्या पायाची दोरी वेगळी, आणि कितीही ओढली तरी चोचीला चोच लागत नाही एवढं अंतर. बसा ना, त्या खाटेवर बसा. संगमनेरहून निघालात म्हणजे पहाटेचेच निघाला असाल – बघा, मला वाटलंच. माय वं, दोन चहा ठेव, पाव्हना उना! – आई माझी, जसोदाबाई. ऐकू कमी येतं, पण चहाचं बरोबर येतं. आधीच सांगून ठेवतो हां, झुंजीला न्यायचा असेल तर मी कोंबडा देत नाही. कायद्यानं बंद आहेच, आणि आपल्यालाही ते बघवत नाही. मी वाढवतो ते डोळ्यांना बरं वाटावं म्हणून. हा बघा ना, छाती काढून, एक पाय पुढं टाकून कसा उभा आहे – असं उभं राहणं आमच्या सरपंचालाही जमत नाही.

हा केल्सो, तो पलीकडचा हॅच. दोन घराणी आहेत माझ्याकडं. फरक? फरक मलाही दिसत नाही, तुम्हाला कुठून दिसणार! दोन्ही लाल, दोन्हींचे पाय पिवळे. अंगणात सोडले की सगळे एका आईचे वाटतात. म्हणून तर खूण करावी लागते. पिल्लू एक दिवसाचं असतं ना, तेव्हाच त्याच्या बोटांच्या मधल्या पातळ कातडीला बारीक भोक पाडायचं – कागदाला पाडायचा पंच असतो तसाच, पण इवलासा. डाव्या पायाला भोक असलं तर केल्सो, उजव्या पायाला असलं तर हॅच. मेलं तरी ते भोक बुजत नाही. हे त्या भिंतीवर खडूनं लिहिलंय, ते माझंच अक्षर – ‘केल्सो : पिल्लाचा डावा पाय’. शास्त्रशुद्ध काम असतं आपलं.

आता तुम्ही विचारणार – मग भूपेंद्रभाऊ, शुद्ध कोणता? विचारा ना, त्यात काय लाजायचं. म्हणजे... तुम्ही वाचलंय का ते? आपल्या कोंबडेवाल्यांच्या ग्रुपवर टाकलेलं? वाचलंय. आणि तरी आलात! तुम्ही पहिले बरं का. त्यानंतर कोणी फिरकलंच नाही इकडं, फोन करतात, गोड बोलतात, आणि ‘बघू, कळवतो’. त्याचं असं झालं – बसा, चहा येतोय – गेल्या वर्षी दुसरं घराणं पहिल्यांदाच आणलं मी. पहिली एक्कावन्न पिल्लं माझ्या हातची, सगळी भोकं मी पाडली. मग मला जावं लागलं सुरतला, केळीच्या गाडीबरोबर, तिकडं आठ दिवस अडकलो. तेवढ्यात दुसरी खेप फुटली. ती भोकं पाडली आमच्या मंडळींनी – कामिनीनं. एकेचाळीस. मी आलो, वाहवा केली, सगळी एकत्र सोडली, वाढली, अंडी द्यायला लागली. काही पक्षी तर बाहेरही गेले. आणि ह्या उन्हाळ्यात नवी खेप फुटली, आम्ही दोघं समोरासमोर बसलो पंच घेऊन, तर काय बघतो – तिचा डावा आणि माझा डावा वेगळा! मी ज्याला डावा म्हणतो त्याला ती उजवा म्हणते. म्हणजे कळलं ना तुम्हाला? सगळा कळप खिचडी.

मी काय म्हणालो? काय म्हणणार, चिडलो. ‘तुले डावं-उजवं समजत नही का?’ असं – जरा मोठ्यानं. भिंतीपलीकडं ऐकू गेलं असेल. ती म्हणाली, ‘मन्हं बरोबर शे. तुम्हीच लिखेल शे, पिल्लूना डावा पाय.’ एवढंच. मग मी आत गेलो आणि ग्रुपवर टाकलं – ‘घरातल्या व्यक्तीच्या चुकीमुळे दोन घराण्यांत भेसळ झाली आहे, क्षमस्व.’ लपवायचं कशाला, नाव स्वच्छ असावं. चारशे माणसं आहेत त्या ग्रुपवर. त्यांत एक अमृत, तिचा भाऊ, तळोद्याला असतो – त्याला कोंबडे मीच दिले, ग्रुपवर मीच घेतला. त्यानं तिला दाखवलं. आता ‘घरातल्या व्यक्तीच्या’ म्हटल्यावर घरात आहे कोण? आई आणि ती. आईला तर पंच म्हटलं तर पंचायत वाटते.

नाही, भांडण वगैरे काही नाही हो. आखाजीला – तुमची अक्षय्य तृतीया – तळोद्याला माहेरी गेलीय. आमच्याकडं पद्धतच आहे, आखाजीला लेकी माहेरी जातात, झोका खेळतात, येतात. ...हो. पोळा आलाय. मलाही दिसतात की दारावरून जाणारे रंगवलेले बैल. चार महिने झाले. राहते एखादी जास्त दिवस! आपली गावठी खुडूक कोंबडीही घेऊन गेली, पिशवीत घालून, बसमध्ये – म्हणजे लवकर यायचा विचार नसेल, असं आई म्हणते. आई रोज एकच टेप लावते, ‘भूप्या, जाय, लई ये तिले.’ मी का आणायला जाऊ? चूक कोणाची? मी तिला फोन केला होता, खोटं नाही बोलत, दोनदा केला. दोन्ही वेळा कोंबड्यांचंच बोललो. दुसरं काय बोलायचं ते सुचलं नाही. ती गेल्यापासून तीन वेळा अंडी बसवली, दोन वेळा नुसतं पाणी निघालं. ती काय करायची कोण जाणे – अंडं कानाजवळ धरायची, हसायची, आणि म्हणायची, हे निघेल. आणि निघायचं! आता तिसऱ्या खेपेला सहा निघालीत, काल. घरात आवाज आला बरं का भाऊ. संध्याकाळी जेवताना कोणीतरी चिवचिव करतंय, तेवढंही बरं वाटलं.

थांबा, दाखवतोच तुम्हाला. म्हणजे तुमची खात्री पटेल की इथून पुढं माझ्याकडं भेसळ नाही. हे बघा – केल्सोचं, माझ्या मूळ जोडीचं. किती मऊ आहे. तर पकडायचं असं – तळहातावर उताणं, पोट वर, पाय माझ्याकडं. असं धरलं की कातडी समोर दिसते, हलतही नाही. आणि ती कशी धरायची, ऐका – मांडीवर उभं ठेवायची, पिल्लाचं तोंड पुढं, आणि मागून एकेक पाय उचलून बघायची, सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचा पाय उचलून बघतात ना, तशी! मी किती हसायचो. अगं, पिल्लू आहे की घोडा? असो. तर उताणं. आता हा डावा. टक् – झालं. एवढंसंही दुखत नाही. हे टिंक्चर लावलं, लाल थेंब दिसतोय ना? आता सोडतो खाली. जा रे, आईकडं जा. बघा कसं चालतंय – पाठमोरं, तुरूतुरू, आणि तो लाल थेंब त्याच्या...

उजव्या पायाला.

नाही, एक मिनिट. मी डाव्यालाच पाडलं ना? तुमच्यासमोर पाडलं. तुम्ही बघितलं. ये रे, ये इकडं – हे उताणं धरलं, हा डावा. हा माझ्या डाव्या बाजूचा. आता उभं केलं, तोंड पलीकडं – हा उजवा. पुन्हा उताणं – डावा. उभं – ...

एक्कावन्न. ती एक्कावन्न माझी. तिची एकेचाळीस बरोबर होती हो. भिंतीवर लिहिलंय तसंच तिनं केलं. ‘पिल्लाचा’ लिहिलंय मी, माझ्याच हातानं, आणि पाडत आलो माझ्या डाव्याला. आणि चारशे माणसांत... अरे देवा. ती एवढंच म्हणाली होती, मन्हं बरोबर शे. मी पिल्लू उभं करून बघितलंसुद्धा नाही. एकदासुद्धा नाही.

माय वं! चहा राहू दे, मी तळोदाले जाई ऱ्हायनू! – काय? हो, तिलेच! – भाऊ, तुम्ही रागवू नका. आज कोंबडा देत नाही, आज मला कोणता कोणाचा ते सांगताच येणार नाही. पोळा होऊ द्या, मग या, ती असली तर तीच निवडून देईल. नसली तर येऊच नका. हे पिल्लू नेतो, खिशात बसेल, ऊब असते. ग्रुपवर लिहीन, नाव घालून लिहीन, पण ते नंतर. आधी हे तिच्या अंगणात सोडतो. मला नाही काही बोलता यायचं, दोनदा बघितलं फोनवर. हे तिच्यासमोर चार पावलं पाठमोरं चाललं ना, तिला कळेल. चहा पिऊन निघा. आणि जाताना फाटक लावून घ्या.